बानूबाईच्या सत्तावीस नोंदी

टेकवस्तीच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बानूबाईला मुलं मोजायला सांगू नये. तिला अंक येत नाहीत म्हणून नव्हे. शंभरापर्यंत ती न अडखळता जाते. पण मुलं मोजणं हे तिला अडाणी माणसाचं काम वाटतं. ती मोजत नाही, बघते. एकदा ओळीवरून नजर फिरवते आणि कोण नाही ते सांगते.

हे खरं किती, ते पहिल्यांदा कळलं शाळेच्या सहलीत. पळसदेवच्या अलीकडची ही वस्ती, पहिली ते चौथी मिळून सत्तावीस पोरं, दोन शिक्षकांपैकी एकाची जागा वर्षभर रिकामी, म्हणून एकट्या दिपाली मॅडम आणि सोबतीला बानूबाई. भिगवणचे पक्षी बघून झाले, वालचंदनगरचा कारखाना बाहेरून बघून झाला, वडापाव झाला. परतताना मॅडमनी गाडीत तीनदा डोकी मोजली. सत्तावीस. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेवढ्यात बानूबाई पातेलं घेऊन वर चढली, एकदा मागपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "युवराज न्हाय."

मॅडम म्हणाल्या, सत्तावीस बरोबर आहेत.

"असतील सत्तावीस. युवराज न्हाय. आन् ह्यो कोण?"

तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक मुलगा भडंग खात निवांत बसला होता. गणवेश तोच, भांग तोच, शेंबूडही तोच. तो निघाला दौंडकडच्या कुठल्याशा शाळेचा. इथं का बसलास विचारलं तर म्हणाला, खिडकी रिकामी होती. युवराज त्यांच्या गाडीत झोपलेला सापडला. तिथल्या गुरुजींचाही आकडा बरोबर जुळत होता, त्यामुळे तेही समाधानात निघायच्या बेतात होते.

बानूबाईची ही नजर शाळेत तयार झालेली नव्हे. शाळेत ती शिकायला कधी गेलीच नाही. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आबाजीच्या घरी आली ती थेट मेंढरांच्या मागं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालायचं, दीडशे मेंढरं पुढं घालायची आणि मुळशीच्या अंगानं कोकणात डोंगर उतरायचा. पाऊस तोंडावर आला की परत. रोज तिन्हीसांजेला मेंढरं जाळीच्या कुंपणात घेताना सासू तिला दारात उभी करायची आणि विचारायची, कोण राहिलं? किती राहिली असं कधी विचारायची नाही. किती हे कळून करायचं काय? काळतोंडी राहिली असेल तर ती पाण्यावर सापडणार, आखूडकानी राहिली असेल तर ती कुणाच्या तरी रानात, आणि ते लंगडं कोकरू राहिलं असेल तर घाईनं मागं पळायचं. हुडकायचं कुठं ते कोण राहिलं यावर ठरतं, एवढंच ते सगळं शास्त्र.

पुढं कालव्याचं पाणी आलं, चराऊ रानं उसाखाली गेली, आबाजीचे गुडघे गेले. मेंढरं विकली. मुलगा वालचंदनगरला कामाला लागला. त्यानंतरची दोन वर्षं बानूबाई तिन्हीसांजेला दारात उभी राहायची आणि तिला काही सुचायचं नाही. आबाजी म्हणायचा, आत ये, आता कुणी राहिलेलं नाही. तेच तर दुखणं होतं. मग शाळेत खिचडी शिजवायला बाई पाहिजे म्हणून निरोप आला आणि तिला पुन्हा बघायला कळप मिळाला. त्याला आता अकरा वर्षं झाली. कोण मटकी बाजूला काढतं, कोण पहिला घास खायच्या आधी दुसऱ्याच्या ताटात बघतं, कोणाचं पोट दुखत नाही पण घरी भांडण झालंय, सगळं तिला पळीच्या टोकावरून दिसत असे.

आता मुद्द्यावर यायचं. यंदा नवी प्रगतिपत्रकं आली. जुन्या पत्रकात गुण असायचे आणि खाली एका ओळीत शेरा. नव्यात भलीमोठी चौकट: मुलाचा स्वभाव, आवड, बळ, कशात मदत लागेल. प्रत्येक मूल वेगळं, त्याची ओळख वेगळी, ती शाळेनं जपली पाहिजे, असं पहिल्या पानावर छापलेलं. विचार चांगला होता, त्यात वाद नाही. पण आपल्याकडे चांगला विचार वरून खाली येईपर्यंत त्याचा नमुना होतो आणि नमुन्याची पीडीएफ होते. शिक्षकांच्या गटावर मार्च महिन्यातच 'वेगवेगळ्या तीनशे नोंदी, तयार' अशी फाइल फिरली. मागच्या वर्षी मॅडमनी असल्याच फाइलमधून उतरवलं होतं. सत्तावीसच्या सत्तावीस मुलांना स्वच्छतेची आवड आहे आणि ती उपक्रमात उत्साहाने सहभागी होतात. यातल्या निदान नऊ जणांची साबणाशी तोंडओळखसुद्धा नव्हती.

यंदा मात्र केंद्रप्रमुख विजयसिंह साहेबांनी बैठकीत ती फाइल स्वतःच मोबाइलवर उघडून दाखवली आणि सांगितलं की दोन मुलांच्या नोंदी सारख्या सापडल्या तर मी पत्रकं परत पाठवणार.

दिपाली मॅडम बारामतीच्या. रोज बसनं भिगवण आणि तिथून स्कूटी. मुलगी कामसू, पण स्वतः शिकली ती चौसष्ट पोरांच्या तुकडीत. तिथं दोन दिपाल्या होत्या आणि बाईंनी वर्षभर हिला दुसरीच्या आडनावानं हाक मारली. हिच्या प्रगतिपत्रकात 'कबड्डीत विशेष प्रावीण्य' असं लिहिलेलं अजून घरी आहे. ही आयुष्यात कबड्डी खेळलेली नाही. तिच्याकडे बघून कुणी काही लिहिलंच नव्हतं, तर तिला तरी लिहायला कुठून येणार? एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती कोरी पत्रकं घेऊन बसली आणि तिच्या ध्यानात आलं की मल्हारला बेरीज येत नाही यापलीकडे आपल्याला मल्हारबद्दल काही ठाऊक नाही.

मग ती उठली आणि स्वयंपाकखोलीत गेली.

चार दुपारी दोघी बसल्या. बानूबाई तांदूळ निवडायची आणि मॅडम नाव घ्यायच्या. नाव घेतलं की बानूबाई एक खडा काढून टाकायची आणि सांगायला लागायची. सांगायची ती अर्थात तिच्या भाषेत. माणसाचा स्वभाव सांगायला तिच्याकडे दुसरे शब्दच नव्हते. मॅडम ते ऐकून तिथल्या तिथं सरकारी मराठीत घालायच्या. घोटाळा झाला तो इथं.

सर्जेरावांचा नातू ऋषिराज, तिसरीतला. बानूबाई म्हणाली, ह्यो म्होरक्या न्हाय, म्होरक्याच्या बाजूनं चालतो आन् वरडतो मातुर ह्योच. एकटा पाडू नका, बुजंल. पत्रकावर उतरलं: 'विद्यार्थी नेतृत्व करत नाही; नेतृत्वाच्या शेजारून आवाज करतो. एकटे सोडल्यास बुजतो.'

कौसल्याची स्वरांजली, दुसरीतली. कोकरू आईला सोडून दिसेल त्या मेंढीला लुचतं तसं हे पोरगं दिसेल त्या घरात जेवतं, असं बानूबाईचं म्हणणं. मॅडमनी लिहिलं: 'स्वतःच्या मातेव्यतिरिक्त अन्य मातांकडेही पोषणासाठी जाते.'

युवराजबद्दल लिहिलं: 'मागून हाकू नये, बसतो. पुढे चालावे, येतो.' चौथ्या दुपारी मॅडम थकल्या, बस चुकायला आली, आणि पहिलीतल्या मल्हारचं जसंच्या तसं उतरलं: 'लोकर उशिरा येईल. घाईने कातरू नये.'

शेवटचं नाव राहिलं संस्कृती. म्हणजे छकुली, बानूबाईची स्वतःची नात, चौथीतली. बानूबाईनं तांदळाचं सूप झटकलं आणि म्हणाली, "तिचं काय सांगायचं? गरीब हाय. सांगंल तितं ऱ्हाती." मॅडमनी ते लिहिलं, कुलूप लावलं आणि दोघी घरी गेल्या.

एक मेला झेंडावंदन झालं, पेढे झाले, पत्रकं वाटली. तासाभरात पालकांच्या गटावर पहिला फोटो आला. मल्हारचा बाप मानसिंग, वीस एकर ऊस, त्यानं फक्त फोटो टाकला आणि खाली लिहिलं: लोकर? त्यानंतर एकेक करून सगळ्यांनी आपापली पत्रकं टाकली आणि दुपारपर्यंत वस्तीवर दुसरा विषय उरला नाही. लोकांना सगळ्यात जास्त आवडलं ते ऋषिराजचं. कारण सर्जेराव स्वतः गेली पंचवीस वर्षं तेच करत आले होते: पुढारी कुणीही असो, हे गाडीत त्याच्या शेजारी, आणि घोषणा यांचीच सगळ्यात मोठी. नातवाचं वर्णन वाचून जो तो आजोबांकडे बघायला लागला. सर्जेरावांना राग आला तो नोंद खोटी म्हणून आला नाही.

युवराजचा बाप बिरदेव वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर. त्याचं दुखणं वेगळं आणि जास्त खरं होतं. तो चौकात म्हणाला, "आमच्या आज्यानं मेंढरं राखली, बापानं सोडली, का तर पोरं शिकावी. आन् शाळंनं माझ्या पोराला परत मेंढरूच केलं."

मॅडमनी घाबरून गट म्यूट केला. हे सांगणं कुणाचं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलंही नसतं. पण संध्याकाळी गिरणीत दळणाला गेलेल्या बानूबाईसमोर कुणीतरी स्वरांजलीचं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हिला राहवलं नाही. म्हणाली, माझंच सांगणं हाय ते, पर 'अन्य मातांकडे' असलं काय मी म्हणलं न्हवतं. पिठाच्या डब्यासकट ती घरी पोचायच्या आत बातमी सर्जेरावांकडे पोचली.

सर्जेराव शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. खिचडी शिजवणाऱ्या बाईला दर वर्षी समितीची संमती लागते. अकरा वर्षं ती न विचारता मिळत होती. पण यंदा ती जागा आपल्या भावजयीला, म्हणजे कौसल्याला द्यावी असं त्यांच्या डोक्यात दिवाळीपासून होतं. कारण मिळत नव्हतं. ते आयतं पिठाच्या डब्यातून आलं. जूनची सभा त्यांनी पाच मेला घेतली. विषय एकच: स्वयंपाकी बदलणे.

बानूबाईला निरोप आला. भांडी घासलेलीच होती, ती तिनं परत घासली. आबाजीनं सुचवलं की माफी मागून मोकळी हो. ती म्हणाली, कुणाकुणाची मागू आन् कोणत्या बोलाची मागू? जे दिसलं ते सांगितलं. आबाजी म्हणाला, दिसतं ते सगळं सांगत बसलो असतो तर आपला संसार झाला असता का. त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं. पण जून उजाडल्यावर आपण कुणाकडे बघायचं, हा तिचा प्रश्न होता. आबाजीकडे चार शेळ्या होत्या. त्या चार दिवसांत तिनं त्या शेळ्यांकडे पुष्कळ बघून घेतलं. शेळ्या तिला उथळ वाटायच्या.

पाच मेला सकाळी दहाला वर्गात सतरंज्या पडल्या. सुट्टी असली तरी पोरं झाडून सगळी आली, कारण वस्तीवर दुसरं काही चाललेलं नव्हतं. ती खिडक्यांत, दारात, फळ्याखाली बसली. दिपाली मॅडम सचिव म्हणून इतिवृत्ताची वही घेऊन बसल्या. सुरुवातीलाच उभ्या राहून त्यांनी सांगितलं की शब्द माझे आहेत, चूक माझी आहे, मावशींनी फक्त मला मुलं ओळखून दिली. हे बोलायला मुलीला चार दिवस लागले, पण बोलली.

सर्जेरावांनी ते हातानं बाजूला सारलं. म्हणाले, खिचडीवाल्या बाईनं खिचडी बघावी. पोरांची प्रगती लिहिणं हे शिकलेल्यांचं काम. आणि आमची पोरं काय मेंढरं आहेत का, एका मापाची, एका आवाजाची, मान खाली घालून चालणारी?

इथपर्यंत बानूबाई भिंतीला टेकून बसली होती. हे ऐकल्यावर मात्र तिला खरोखर नवल वाटलं.

"सर्जेराव, मेंढरं एका मापाची असत्यात हे तुमाला कुणी सांगितलं?"

"जगाला म्हाईत हाय, वहिनी."

"जगानं राखल्यात का? दीडशेत दोन सारखी न्हवती. समदी सारखी असती तर मला आरामच पडला असता. सारखी करत्यात ती शाळंत. एक कपडा, एक भांग, आन् समद्यांना स्वच्छतेची आवड."

खिडकीतली पोरं हसली. मॅडम खाली बघून लिहायला लागल्या, लिहिण्यासारखं काही नसताना. बिरदेव फिटर मात्र मान वर करून बघत राहिला. आपण चार दिवस रागावलो ते नक्की कशावर, हे त्याला पुन्हा एकदा तपासून बघावंसं वाटलं असावं.

मानसिंगला असल्या चर्चेत रस नव्हता. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं, आणि ते त्यानं उभं राहून, जरा खालच्या आवाजात विचारलं. मल्हारला काही कमी आहे का? चार रात्री त्याच्या बायकोला झोप नव्हती. बानूबाईनं सांगितलं, की काही कोकरांची लोकर मागनं येते. दुसऱ्यांच्या बरोबरीनं त्यांना कातरलं तर नुसती कुडकुडतात. थांबलं तर येते आणि दाट येते. पोरगं कधी वाचायला लागेल ते लागेल, पण आपण पुस्तक उघडलं की ते आत्ताच अंग चोरतं. मानसिंग खाली बसला. मल्हारचं नाव त्यानं जूनपासून बारामतीच्या एका फाउंडेशन क्लासला घातलं होतं. सहा वर्षांच्या पोराचं कसलं फाउंडेशन, हे विचारायचं त्याला तोवर सुचलं नव्हतं. फीची पावती खिशात होती म्हणे. तो खिशाला हात लावून बसला.

सभा आपल्या हातून सुटतेय हे सर्जेरावांना कळलं. इतक्या वर्षांच्या अनुभवानं त्यांना तेवढं कळायचं. ते मतदान पुकारणार, एवढ्यात फळ्याखालून आवाज आला.

"माझं खोटं लिवलंय."

छकुली उभी होती. हातात स्वतःचं पत्रक, घडी न पडू देता धरलेलं.

सर्जेरावांचा चेहरा खुलला. त्यांनी तिला पुढं बोलावलं, मायेनं जवळ उभं केलं, पत्रक सगळ्यांना वाचून दाखवलं. 'स्वभावाने गरीब. सांगितलेल्या जागी राहते.' मग विचारलं, बाळ, काय खोटं आहे?

"समदं," छकुली म्हणाली. "मी गरीब न्हाय. आन् सांगंल तितं मी ऱ्हातच न्हाय."

बानूबाई म्हणाली, "न्हाय कशी? रोज माझ्या डोळ्याम्होरं असतीस."

"तू बगतीस तवा असती. तू दोनदाच बगतीस, आजी. वाढताना आन् घंटा झाल्यावर. मधी भांडी घासतीस तवा मी नसती."

 मॅडमचं पेन थांबलं होतं, कारण भांडी घासायची वेळ म्हणजे त्यांच्या वर्गातली वेळ. छकुलीनं त्यांच्याकडे बघून तेही सांगून टाकलं: मॅडम डोकी मोजतात तेव्हा शेजारच्या अंगणवाडीतलं एक पोर आणून आपल्या जागी बसवते. पोराला एक गोळी द्यावी लागते.

आणि जातेस कुठं, हे बिरदेवनं विचारलं. धरणाच्या पाण्याच्या काठाला, मासेमारांच्या पालांवर, छकुली म्हणाली. तिथं एक म्हातारी जाळी विणते. छकुली आधी नुसती बघायची, मग फाटलेली डोळी, म्हणजे जाळ्यातली भोकं, सांधायला लागली, आता अख्खं जाळं तिच्या हाताखाली देतात. दोन महिने झाले.

सर्जेरावांनी संधी सोडली नाही. म्हणाले, बघा मंडळी. स्वतःच्या घरातलं पोर हिला दिसत नाही आणि ही आमच्या पोरांचं भविष्य सांगणार. आता माझ्या नातवाबद्दल जे लिहिलंय त्याचं काय?

खरं तर बानूबाईला यावर बोलता आलं असतं. सत्तावीसात एक चुकलं, एवढं कुठल्याही शाळेत चालतं. पण ती छकुलीकडे बघत होती. दीडशे मेंढरं ओळखली, सत्तावीस पोरं ओळखली, आणि जी पोरगी आपल्या पातळाला धरून वाढली ती मात्र आपली म्हणून कधी नीट बघितलीच नाही. वर त्या पोरीनं आपल्याला बघितलं. आपली नजर कुठून कुठं फिरते ते सगळं पाठ केलं. लाज वाटावी की कौतुक, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं दोन्ही बाजूला ठेवलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "हिचं साफ चुकलं. मी न बघताच सांगितलं."

मग छकुलीला विचारलं की एवढं होतं तर घरात का नाही सांगितलंस, इथं चारचौघांत कशाला? छकुली म्हणाली की हा कागद तिच्याबरोबर पाचवीला पळसदेवच्या शाळेत जाणार. तिथले सर तो वाचणार आणि मग दहावीपर्यंत सगळे तिला गरीबच समजणार. मग खरोखर गरीब व्हावं लागेल.

 बानूबाई सर्जेरावांकडे वळली. "मी एक चुकले म्हंजी बाकीची बी चुकली असतील. त्येला विलाज एकच. ज्येचं त्येला इचारा. ऋषिराज हितंच हाय."

सर्जेरावांना नाही म्हणता येईना. त्यांनी नातवाला उभं केलं आणि आवाज चढवून विचारलं, की तुझ्याबद्दल लिहिलंय ते खोटं आहे की नाही? प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं. पण ऋषिराज आठ वर्षांचा होता. त्याला अजून राजकारण येत नव्हतं.

"खरं हाय, आबा," तो म्हणाला. "एकट्याला भ्या वाटतं. म्हणून वरडतो."

आणि रडायला लागला. सर्जेराव बघत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नातवाला जवळ घेऊन त्याचे डोळे पुसत राहिले. पंचवीस वर्षांत त्यांना असं कुणी पाहिलं नव्हतं.

अध्यक्ष नातवात गुंतले आणि सभा अडली. तेव्हा कौसल्या उठली. ती आधी बोलली ते मुलीबद्दल: स्वरांजली दारोदार जेवते हे खरं आहे, कारण आठवड्यातून तीन दिवस दुपारी आपण घरी नसतो. कुठं असतो, ते मात्र तिनं सर्जेरावांकडे न बघता सांगितलं. इंदापूरला शिवणाचा क्लास. घरी दळणाचं सांगून जाते.

"आन् ती खिचडीची जागा मला नगं," ती म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हाय. पाहुण्यांना च्या करायचा मला कंटाळा येतो, सत्तावीस पोरांचं कोण रांधणार?"

म्हणजे जिच्यासाठी सभा बोलावली तिलाच कुणी विचारलेलं नव्हतं. यानंतर मतदान म्हणून जे झालं त्याला मतदान म्हणायचं की नाही, हा प्रश्नच आहे. मोठ्यांनी हात वर केले तसे पोरांनीही केले, आणि मॅडमना कुठले धरायचे ते कळेना. पण सर्जेरावांचा हात वर होता, तो मात्र सगळ्यांनी बघितला. ठराव झाला: बानूबाईस पुढील वर्षाकरिता संमती. सर्जेरावांनी आग्रह धरला म्हणून खाली एक ओळ वाढवली, की नोंदीत लोकर, शिंगे व तत्सम शब्द वापरू नयेत. अध्यक्षाचं काहीतरी राहिलं पाहिजे. मानसिंगनं तेवढ्यात मल्हारचं पत्रक बदलू नका म्हणून सांगितलं. ते तसंच राहू द्या.

बानूबाईनं ठराव ऐकला, पदर खोचला आणि सतरंजीवर छकुलीसमोर बसली. अशी ती कुठल्या पोरापुढं बसलेली कुणी पाहिली नव्हती. पोरांपुढं ती कायम उभी असायची, पळी हातात.

"सांग," ती म्हणाली. "बाई लिवत्यात."

छकुली सांगायला लागली. जाळ्याबद्दल सांगितलं, म्हातारीबद्दल सांगितलं, कोणती गाठ कुठं ओढायची ते सांगितलं. गणितातला कोन आपल्याला जाळ्यामुळे कळतो पण फळ्यावर कळत नाही, हेही सांगितलं. मध्ये बानूबाईला दोनदा बोलायचं होतं, पण छकुलीनं हात वर करून तिला थांबवलं. चौकट भरली, मॅडमनी पुरवणी जोडली, ती भरत आली. तोवर मागं ओळ लागली होती. पोरांना आपापली पत्रकं तपासून हवी होती. युवराजचं म्हणणं, आपण बसतो हे खरं, पण का बसतो ते लिहिलेलं नाही. बिरदेव त्याच्या मागं हाताची घडी घालून उभा होता. का बसतो ते त्यालाही ऐकायचं होतं. दुपारी दोनपर्यंत नऊ झाली. उरलेल्यांना मॅडमनी उद्या बोलावलं. सुट्टीत शाळा भरवणारी बाई वस्तीनं पहिल्यांदाच पाहिली.

बानूबाईनं स्वयंपाकखोलीचं कुलूप ओढून बघितलं, किल्ली कमरेला लावली आणि छकुलीला घेऊन उन्हातून घराकडे निघाली.  अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, आजून काय काय करतीस मला न दिसता?

छकुलीनं थोडा विचार केला. "आजच समदं कसं सांगू," ती म्हणाली, आणि पुढं चालू लागली.